ज्याचा त्याचा अनर्थ

आमच्या शेजारचे नाना माणसाचं नाव-गाव विचारायच्या आधी विचारत, "तुमच्यात अनर्थ कशाला म्हणतात?"

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मलाही विचारलं. काय सांगणार, कपाळ! स्टोव्ह भडकणं, म्हटलं. झालं. माझ्या स्टोव्हचा आवाज आला की नाना आपल्या ओट्यावर उठून उभे.

मारवाडी मिठाईवाल्याचा अनर्थ म्हणजे दूध नासणं. केळीवाल्याचा, वॅगन अडकून केळी वाटेतच पिकणं. एका नटानं सांगितलं, ऐन प्रवेशात वाक्य विसरणं. तेव्हापासून नानांना नाटक सुखानं बघता येईना. नट जरा थांबला की हे घामाघूम. गणिताच्या मास्तरांनी शून्यानं भागणं सांगितलं. भागलं तर काय होतं, म्हणून नाना खोदून खोदून विचारत राहिले. मास्तर म्हणाले, उत्तरच नाही. नानांचं तोंड एवढंसं झालं.

मला मेलीला हसू यायचं, पण धास्तीही वाटायची. माझा नवरा मालगाडीवर ड्रायव्हर. ह्यांची ड्यूटी असली आणि नाना समोर आले, की मी दार लोटून घ्यायची; अनर्थाचं नावच नको. मी त्यांना टाळू लागले.

एका दुपारी भोंगा झाला, लांबलचक. कुठे अपघात झाला की तो तसा वाजे. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी कोणाकडे बघेना. आमच्या ह्यांची गाडी त्याच वेळी यायची होती. तेवढ्यात नाना धोतर सावरत स्टेशनकडे पळताना दिसले.

परतले ते धापा टाकत, थेट माझ्या दारात. "तो बरा शे, माय. घसरली ती दुसरी गाडी. मी डोळ्यानं बघून आलो त्याला." नाना मूळचे धुळ्याकडचे, घाबरले की गावची बोली तोंडात येई.

मी मटकन खाली बसून रडले. मग त्यांना पाणी दिलं. घाईनं पिताना निम्मं धोतरावर सांडलं. या वयात एवढं पळायचं कशाला, म्हणून मी रागावलेच.

"माझा पोरगा इंजिनावर फायरमन होता," ते म्हणाले. "असाच भोंगा झाला. तो गेला हे बठ्ठ्या कॉलनीला, घराघरात कळलं होतं. मला सांगायला कोणी धजेना. म्हणून विचारून ठेवतो, कोणाकडे कधी धावायचं ते."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"तेव्हा मी जेवत होतो, माय. भात पुन्हा मागून घेतला."