रेल्याचे स्वावलंबन

मूल स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे प्रत्येक घराला वाटते; मात्र त्या पायांत मोजे कोणी घालायचे, याबाबत मतभेद आहेत.

चाचाक गावच्या स्तोयान्का आजींकडे तेवढेही मतभेद नव्हते. नातू रेल्या पाच वर्षांचा. सकाळी तो दिवाणावर पाय लांब करून बसे आणि आजी मोजे, बनियन, त्यावर आणखी एक बनियन (समोरासमोरच्या खिडक्यांतला वारा पाठीला लागला की माणूस संपलाच, हे आमच्याकडे शास्त्र आहे), मग स्वेटर, असे त्याला गुंडाळत. जेवताना त्याने फक्त तोंड उघडायचे. त्याचे वडील मिओद्राग याच पद्धतीने वाढले. आज ते कचेरीत मोठे साहेब आहेत आणि त्यांच्या मोज्यांना आई इस्त्री करते. पद्धत सिद्ध झाली म्हणतात ती अशी.

एवढ्यात बालवाडीची सहल निघाली. आठवडाभर झ्लातिबोरच्या डोंगरावर, बर्फात, आईबापांशिवाय! अट एकच: कपडे, जेवण आणि शी-शू मुलाला स्वतःचे स्वतः जमले पाहिजे. रेल्याने बर्फावरच्या घसरगाडीचा ध्यास घेतला. झोपेतही "मी पुढे बसणार!" म्हणून ओरडू लागला.

आजी निर्धास्तपणे बालवाडीतल्या वेरित्साबाईंकडे गेल्या. "अहो, आमच्या लेकराला साधं बटण लावता येत नाही. त्याचं नाव काढून टाका."

"काहीतरीच काय आजी! इथे तो सगळं स्वतः करतो. दुसऱ्यांचे बूटसुद्धा घालून देतो."

आजींनी दारातून डोकावले. रेल्या आपल्या हाताने सूप पीत होता, थेंबही न सांडता. आजी बाईंकडे वळल्या. "अगं बाई! पोरकं केलंत की हो त्याला!"

घरी येताच त्यांनी त्याला धरले. "लबाडा, येतं तर घरी का करत नाहीस?"

"मी केलं की तू रडतेस," रेल्या म्हणाला.

यावर दगडही विरघळला असता. आजीही विरघळल्या, पोटभर रडल्या, आणि निघायच्या दिवशी त्याला ताप असल्याचे बाईंना कळवून टाकले. (ताप नव्हता. पण दोन बनियनांवर स्वेटर चढवला की अंग गरम लागतेच.) बस गेली. रेल्या खिडकीशी ओक्साबोक्शी रडला, आणि मग डोळे पुसून घ्यायला त्याने आजीपुढे तोंड केले.

पोरांना असे पांगळे करणाऱ्या म्हातारीला तुम्ही मनातून चार शिव्या हासडल्या असतील. हासडा, खुशाल हासडा. फक्त, हे वाचताना संपवलेला तो चहाचा कप तेवढा स्वतः उचला आणि विसळून ठेवा. मोरी कुठे आहे, ते घरात कोणीही सांगेल.