आपण बोटीनं जायचं

"मग आपण बेटावर कसं जायचं? बोटीनं की टॅक्सीनं?" मुलानं जेवता जेवता विचारलं.

प्रश्न त्यानं बायकोला विचारला होता. लग्न नुकतंच झालेलं, परदेशातल्या हनिमूनचं घोडं प्रवासखर्चापाशी अडलेलं. पण स्वयंपाकघर एवढंसं, टेबल भिंतीला चिकटवलेलं. एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला सून आणि मधोमध अप्पा. त्यामुळे सुनेकडे निघालेला प्रश्न वाटेत आधी अप्पांना लागला.

"बोटीनं," अप्पा म्हणाले.

"टॅक्सी निम्म्यात पडते, अप्पा," सून म्हणाली. "बेटापर्यंत पूल आहे आता."

"असू दे पूल. बोटीनं जायचं."

दोघांना वाटलं, अप्पा सल्ला देताहेत. अप्पांनी जन्मभर शहर बस चालवलेली, म्हणजे डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत आणि तिथून परत. तरी वाहतुकीचा विषय निघाला की ते विमानाबद्दलसुद्धा अधिकारवाणीनं बोलत. पण हा सल्ला नव्हता. अप्पांनी फक्त 'आपण' हा शब्द ऐकला होता, आणि आपण म्हणजे आपण सगळे. आता यात त्या माणसाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. हा शब्द तिचा. आपण जेवून घेऊ, आपण दार लावू, आपण पडू जरा. ती गेली आणि शब्दही गेला. मागे उरलं नुसतं 'मी'. मी जेवलो, मी पडतो. गॅसजवळचं तिचं स्टूल रिकामंच होतं, त्यावर कुणी कांद्याची टोपलीसुद्धा ठेवत नसे. आणि आज अचानक मुलगा म्हणाला, आपण. अप्पा ताटावरून उठले. ते पाणी प्यायले, खोलीत गेले आणि कपाटातून पासपोर्ट काढला. निवृत्तीनंतर दोघांनी हौसेनं काढले होते. मग तिच्या तपासण्या सुरू झाल्या आणि पासपोर्ट साड्यांखाली गेले.

"तिकिटांचं मी बघतो," दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले. तिकिटं काढायला जाण्यापुरतीही दोघांना रजा मिळत नव्हती, त्यामुळे त्यांना हायसंच वाटलं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी तीन तिकिटं घेऊन आले.

"तिसरं कुणाचं?" मुलानं विचारलं.

"अरे, माझं. ती बाई मला विचारते, हनिमूनच्या पॅकेजमध्ये तिसरं कोण, लहान मूल आहे का? म्हटलं, आहे, पण चांगलं साठी उलटलेलं आहे." अप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "वेगळी खोली बजेटात बसेना. मग तुमच्याच खोलीत जादा कॉट टाकायला सांगितलीय. विमानात खिडकी सूनबाईला, कडेची सीट तुला, मी मध्ये. म्हणजे भांडण नको. आणि बोटीचा फरक मी घातलाय."

मुलगा तिन्ही तिकिटांवरची नावं पुन्हा वाचू लागला. सून मात्र हसली, आणि ते हसू तिला उतरवता येईना.

त्या घरात खासगी बोलायला एकच जागा होती, बाथरूम, तीही नळ सोडून. सकाळी दोघं आत शिरली आणि नळ धो धो सोडला. बाहेर अप्पांना ते वाया जाणारं पाणी ऐकवेना. नवीन जोडप्याच्या बाथरूमचं दार वाजवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी गॅलरीतला पाण्याचा मेन कॉकच बंद केला. आतला आवाज थांबला. आतलं बोलणं थांबलं नाही.

"तू 'आपण' म्हणालासच कशाला?"

"मी तुला म्हणालो."

"मध्ये ते बसले होते."

"मग काय 'आम्ही' म्हणू? तू माझी बायको आहेस की पाहुणी?"

"ते मला माहीत नाही. तुझे वडील आहेत, तू सांग. हनिमूनला सासऱ्यांना कोण नेतं?"

"मी नाही सांगणार. आई गेल्यापासून पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घातला गं त्यांनी."

सुनेनं दाराची कडी काढली.

"पाणी गेलं वाटतं," मुलगा बाहेर येत म्हणाला. अप्पा टेबलाशी बसले होते. तीनपैकी एक तिकीट त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं.

"हे रद्द करून टाकतो," ते म्हणाले. "मधल्या सीटवर माझे गुडघे धरतात."

मुलाच्या सगळं लक्षात आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अप्पा, तसं नाही. आपण तिघं जाऊ. खरंच."

"आपण नाही रे. तुम्ही." चुकीच्या बसमध्ये चढलेल्या प्रवाशाला सांगावं तितक्या शांतपणे अप्पांनी सांगितलं. "चूक कुणाचीच नाही. मी मध्ये बसलो होतो, एवढंच."

सुनेचे डोळे भरून आले. "मग बोटीचे तरी पैसे परत घ्या, अप्पा," ती कशीबशी म्हणाली. "आम्ही टॅक्सीनं जाऊ."

आता शब्द अगदी बरोबर पडला होता.

"नको," अप्पा म्हणाले. त्यांनी गॅसजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. "बोटीनंच जा. आम्ही बोटीनंच जाणार होतो."

मग ते उठले, गॅलरीत जाऊन त्यांनी कॉक सोडला आणि परत येऊन बसले. आतला नळ उघडाच राहिला होता, तो धो धो वाहायला लागला. तिघंही ते ऐकत बसली. तो बंद करायला अप्पासुद्धा उठले नाहीत.