दोन माशांची पाच जेवणं

फॉस्फेट मोजायचं किट मी विकत आणलं, तिथंच चुकलं. न मोजलेलं पाणी कसं स्वच्छ वाटतं. (रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकानं असं वाक्य लिहू नये, हे मला कळतं. पण निवृत्त माणसाचं कोण काय वाकडं करणार?)

आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक छोटी काचेची टाकी आहे. तिच्यात अंगठ्याएवढे दोन नारिंगी मासे आणि एक प्रवाळ. आणलं तेव्हा ते नखाएवढं होतं, आता बशीएवढं झालंय. सकाळी दिवा लावला की हळूहळू उमलतं. तीस वर्षं मी वर्गात शिरलो, पण मला पाहून एकही चेहरा असा उमलला नव्हता.

महिनाभरापासून मात्र ते अर्धंच उमलत होतं आणि काचेवर हिरवं शेवाळ चढत होतं. किटच्या नळीतलं पाणी गर्द निळं झालं. फॉस्फेट पॉइंट पाच. हवं पॉइंट एकच्याही खाली. गंमत म्हणजे माझी पीएच.डी. फॉस्फेटवरच आहे. पण ते जमिनीत कसं घालायचं यावर. पाण्यातून काढायचं कसं, हे मला परीक्षकांनीही विचारलं नव्हतं.

बायकोनं तो निळा रंग पाहिला आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना शब्द देऊन टाकला : महिन्याच्या शेवटच्या रविवारी टाकी घेऊन जा, तुमच्या पेशंटना बसल्या बसल्या बघायला होईल.

"तिथं निदान ते जीव जगतील तरी," ती मला म्हणाली. "तुम्ही नुसती काळजी करता. काळजीवर कुणी जगत नाही हो."

आकडा खाली आणून टाकी वाचवायला बावीस दिवस हातात होते.

दुकानदारानं फॉस्फेट शोषणारे लोहाचे तपकिरी दाणे दिले. पिशवीत भरून टाकीत सोडायचे. पिशवी सापडेना, म्हणून मी एक पांढरा मोजा घेतला. (तो बायकोचा होता आणि नवा होता, हे नंतर सविस्तर कळलं.) दाणे आधी धुवावे लागतात. स्वयंपाकघरातलं बेसिन असं गंजलं, जणू तिथं एखादं जहाज बुडालं होतं. दर दोन दिवसांनी बादलीभर पाणीही बदललं. आकडा खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मी एकच चाचणी चार-चारदा करायचो आणि चारही वेळा स्वतःवर शंका घ्यायचो.

दुकानदार म्हणाला, फॉस्फेट खाण्यातून येतं, खाणं कमी करा. मी बंदच केलं. माशांना तीन दिवस कडक उपास, असं घरात जाहीर केलं. चौथ्या दिवशी आकडा पॉइंट सहा.

उपाशी माशांच्या पाण्यात फॉस्फेट वाढतं, हा शोध मी कागदावर उतरवायला बसणार, एवढ्यात खाण्याचा डबा हाताला हलका लागला. महिनाभर पुरणारा डबा सहाव्या दिवशीच तळाला गेला होता.

मी बायकोला आणि स्वयंपाकाच्या मावशींना टाकीसमोर उभं केलं.

बायकोनं लगेच कबुली दिली. "मी जेवायला बसले की काचेला तोंड लावून बघत बसतात. घास उतरत नाही घशाखाली. मग घालते चिमूटभर."

"आणि मावशी, तुम्ही?"

"काका, तुम्हीच तर रोज विचारता, मासे जेवले का म्हणून. मला वाटलं, विसरला असाल. मग मी घालते."

"ही दोन जेवणं झाली," मी म्हणालो. "पण डब्याच्या मानानं रोज पाच होतात. उरलेली तीन कोण घालतं?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मासेही.

(आपण खाणं घातलं नाही असा मला संशय येतो, म्हणून मी घालतो. मग खरंच घातलं का, असा संशय येतो. आणि उपास आजपासून की उद्यापासून, हा तर रोजच येत होता.)

डब्याला कुलूप लागलं. किल्ली मावशींकडे गेली, कारण आपण काय केलं हे ठाम सांगू शकणाऱ्या या घरात त्याच एक. खाणं दिवसातून एकदा, तेही त्यांच्याच हातून. दाणे माझ्याकडे राहिले, थोडे थोडे घालायचे, कारण फॉस्फेट एकदम उतरवलं तर प्रवाळ दचकतं. पॉइंट चार. पॉइंट दोन. शेवटच्या शनिवारी प्रवाळ काठोकाठ उमललं आणि मी चष्मा पुसायला आत गेलो.

रविवारी डॉक्टर दोन बादल्या आणि एक नळी घेऊन हजर झाले. मी सगळ्यांसमोर चाचणी लावली. थेंब मावशींनी मोजले. रंगांची पट्टी बायकोनं धरली.

"पॉइंट शून्य पाच," ती म्हणाली.

"नीट बघ गं, मला मागं निळं दिसतंय."

"ती डॉक्टरांची बादली आहे." मग ती त्यांच्याकडे वळली. "डॉक्टर, माफ करा हं. टाकी कुठं जात नाही."

डॉक्टर रिकाम्या बादल्या घेऊन परत गेले. त्या दिवशी मी घरात असा हिंडलो, जणू समुद्रच मी निवळून दिला होता.

पद्धत इतकी यशस्वी ठरली, की बायकोनं ती पुढं चालवायचं ठरवलं. माझ्या रक्तातली साखर दोन वर्षं उतरत नाहीये. बिस्किटांचा डबाही आता मावशींच्या ताब्यात आहे. सकाळी दोन, बस्स.

काल मी त्यांना विचारलं, "मावशी, मी सकाळची बिस्किटं खाल्ली का हो?"

"खाल्लीत की, काका," कणीक मळता मळता त्या म्हणाल्या.

मला भूक तर लागली होती. पण तो काही पुरावा नव्हे. माशांनाही लागायचीच.