तिवाट्यावरचा भोपळा

गोवरीला कुंकू लावलं, तिथंच मनकर्णाचं चुकलं.

रीत तिच्या आईची होती. भोपळ्याचं बी ओल्या शेणात दाबून गोवरी भिंतीला थापायची, म्हणजे पेरणीपर्यंत बियाला किडा लागत नाही. आणि ती चुकून चुलीत जाऊ नये म्हणून वर कुंकवाचं बोट ओढायचं. भोपळाही साधा नव्हे. वरून काळपट हिरवा, अंगावर पांढऱ्या धारा आणि चिरला की आत कुंकवासारखा लाल. आईनं पालमच्या बाजारात ते बी एकदाच विकत घेतलं, आणि पुन्हा कधी घ्यायची वेळ येऊ दिली नाही. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, तरी तिनं ते भाजून खाल्लं नाही. आता आई नव्हती. उरलंसुरलं सगळं बी त्या एका गोवरीत होतं. आपल्या लेकीला दात आले की त्याच भोपळ्याची गोड घारी चारायची, एवढंच मनकर्णानं मनाशी धरलं होतं.

ती आडावर पाण्याला गेली आणि शेजारची केशरबाई चुलीसाठी इस्तू मागायला आली.

"अगं सरजा, ही काय बला गं? गोवरीला कुंकू!"

मनकर्णाच्या सासूबाई, सरजाबाई, हातातलं सूप खाली ठेवून बघतच राहिल्या. नात कालपासून किरकिर करत होती. कारण सापडलं.

"करणी हाय," केशरबाई म्हणाली. "जाळूबी नका, धूर घरभर फिरंल. तिवाट्यावर टाका."

मनकर्णाच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, गोवरी चिमट्यात धरून गावाबाहेर नेली, तीन वाटा मिळतात तिथं ठेवली आणि मागं न बघता परत निघाला. मागं न बघायच्या नादात त्यानं पुढंही बघितलं नाही. ठेच लागून अंगठा फुटला. करणी पक्की झाली.

मनकर्णा घागर घेऊन आली, तर भिंतीवर नुसता गोल डाग.

"आत्याबाई, ते माझ्या आईचं हाय!"

केशरबाईनं सरजाबाईंचा दंड धरला. "ऐकलंस? मेलेल्या आईचं नाव घ्यायलीय. हिलाच धरलंय!"

"मला काय धरलं न्हाई मावशी. बी हाय त्यात, बी!"

"बघ, आता 'भी, भी' म्हणून आपल्यालाच दम द्यायलीय!"

लिंबू उतरलं. कपाळाला अंगारा लागला. मनकर्णा जितकं सांगायची, तितका अंगारा वाढायचा. शेवटी ती गप्प बसली. "पडला उतार," म्हणत केशरबाई समाधानानं घरी गेली. इस्तू न्यायचा राहूनच गेला.

लिंबाजीला मात्र बायकोचं सगळं पटलं. "मग मी जाऊन आणतो की," म्हणून तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "पर उचलताना कुणी बघितलं तर? करणी आपुनच केली म्हणतील."

मनकर्णा लेकीला पदराखाली घेऊन बसून राहिली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

मृग सरला आणि तिवाट्यावर वेल निघाला. गाड्या वळसा घालून जाऊ लागल्या. गुराखी शेरडं लांबूनच हाकायचे. एरवी वाटेवरच्या वेलाची फुलं कुणाच्या तरी भाजीत पडली असती. इथं पानालाही कुणी शिवलं नाही. वेल माजला. शेतात जाता-येता मनकर्णा लांबून बघायची आणि कडेवरच्या लेकीच्या कानात सांगायची, "ती बघ, आज्जी."

दिवाळी तोंडावर आली. वेलावरचा भोपळा पिकला, देठ वाळला. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, असं ठरवून, लेक कडेवर आणि विळा पदराखाली घेऊन मनकर्णा भर दुपारी तिवाट्यावर गेली. वेल होता. भोपळा नव्हता. देठ कुणीतरी सफाईनं कापला होता.

ती पाय ओढत घरी आली, तर दारातच गुळाचा वास. सरजाबाई चुलीपुढं घाऱ्या तळत होत्या. शेजारी परातीत लालभडक फोडी. त्यांनी घारीचा एक तुकडा फुंकून नातीच्या तोंडात घातला. पोरगी चुटूचुटू चघळायला लागली.

"तुझ्या आईनं लग्नात ह्याचा वानोळा दिला होता," त्या कढईत बघतच म्हणाल्या. "पांढऱ्या धारा दिसल्या तवाच वळखलं म्या."

"मग बोलल्या का न्हाईत?"

"बोलले असते तर केशरनं कवळाच तोडून नेला असता."

मनकर्णानं डोळे पुसले. "औंदा गोवरीला कुंकू न्हाई लावत, आत्याबाई."

"लाव की! चांगलं ठसठशीत लाव. हळदबी टाक वरून." सरजाबाईंनी घारी उलटली. "पुढच्या सालीबी तिवाट्यावरच टाकू. तिथल्यासारखी राखण घरी न्हाई व्हायची."