बाईसाहेबांचा सौदा

"साक्षात कुबेर दारात येऊन बसला, तरी बाईसाहेब विकणार नाही," असं चष्मेवाले येईल त्या गिऱ्हाइकाला डोळे तपासता तपासता ऐकवायचे. गिऱ्हाइकाला पळता यायचं नाही, कारण त्याची हनुवटी यंत्रात अडकलेली असायची.

बाईसाहेब म्हणजे त्यांची जुनी, सायीच्या रंगाची मोटार. घरात बायकोला नुसतं 'अगं' आणि गाडीला 'बाईसाहेब', यावरून मान कुणाला होता ते समजून घ्या. चष्मेवाले तिला इतकी पुसायचे, की वरचा रंग निघून आता खालचा पत्रा दिसायला लागला होता.

कुबेर काही आला नाही. हॉटेलवाले शेठ आले. पाहुण्यांना मिरवून आणायला त्यांना अशीच जुनी गाडी हवी होती. त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून दुकानातल्या झाडून सगळ्या चष्म्यांवर वाफ धरली. त्यात नवीकोरी गाडी आली असती आणि उरलेल्यात घराचं गळकं छप्परही दुरुस्त झालं असतं.

चष्मेवाल्यांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण आतल्या दारात त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, हात पुसत उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "देऊन टाका."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर घरात राहायचं कसं, आणि हो म्हणावं तर बाईसाहेबांशिवाय जगायचं कसं? तेव्हा चष्मेवाल्यांनी एक नामी युक्ती काढली. उद्या सकाळी चालवून बघा, तुमच्या हाताला सुरू झाली तर गाडी तुमची, असं त्यांनी शेठना मोठ्या मनाने सांगितलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली. बाईसाहेब परक्या हाताला दाद देत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागे एकदा तिला सुरू करता करता गॅरेजवाल्याचं वजन इतकं उतरलं, की त्याच्या घरच्यांनी त्याला ओळखलं नाही.

सकाळी शेठ स्टिअरिंगवर बसले. पुढची डावी सीट एरवी लेन्सच्या पेटीची. काचेला दणका बसता कामा नये, म्हणून पेटी पुढे आणि वहिनी मागे, हा लग्नापासूनचा शिरस्ता. आज पेटी दुकानात होती. शेठ रीतभात जाणणारे. त्यांनी वहिनींना पुढे बसवलं. चष्मेवाले जन्मात पहिल्यांदा आपल्याच गाडीत मागे बसले.

शेठनी किल्ली फिरवली. बाईसाहेब खोकल्या. पुन्हा फिरवली. नुसत्याच खाकरल्या. शेठ घामाघूम झाले आणि दर खोकल्यागणिक चष्मेवाल्यांचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत गेला. शेवटी बाईसाहेब चूळ थुंकल्यासारखा आवाज करून गप्पच झाल्या. शेठ किल्ली काढणार, एवढ्यात वहिनी शांतपणे म्हणाल्या, "चोक अर्धाच ओढा. पाय दोनदा दाबून सोडा. हां, आता फिरवा."

गाडी गुणी लेकरासारखी सुरू झाली. मागे बसून इतकी वर्षं त्या बाईने दुसरं बघायचं तरी काय?

चष्मेवाल्यांच्या पोटात खड्डा पडला. मग रस्त्यावरही आला. सीटमधली एक स्प्रिंग त्यांना नको तिथे अशी लागली, की ते छपराला आपटून खाली आले. खाली येईपर्यंत दुसरा खड्डा तयारच होता. काच खाली करायला गेले, तर हँडल हातात आलं. पायाखालच्या भोकातून रस्ता पळताना दिसत होता आणि धूर नाकात जात होता. त्यांनी 'थांबवा' म्हणून बोंब ठोकली, पण इंजिनाच्या धडधडीत पुढे कुणाला ऐकू जाईल तर शपथ. मग त्यांनी दोन्ही हात हलवले. शेठनी आरशात पाहिलं, हसले आणि वेग वाढवला.

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आरशात बायको अशीच हात हलवताना दिसायची. मजेत आहे असं समजून तेही वेग वाढवायचे.

परत आल्यावर मागचं दार आतून उघडेना. शेठनी ते बाहेरून उघडलं, तेव्हा चष्मेवाले विळ्यासारखे वाकून बाहेर आले.

"विकली," ते म्हणाले. "आत्ता न्या. वर तेलाचा डबा देतो."

शेठनी चेकबुक बॉनेटवर ठेवलं, पेनाचं टोपण काढलं. आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की वहिनी उतरलेल्याच नाहीत. कोपर खिडकीबाहेर टाकून त्या बसल्या होत्या. केस उडालेले, गाल लालबुंद.

"अगं, उतर. सौदा झाला."

"कुणाशी? मला कुणी विचारलं?"

"तूच म्हणालीस ना, देऊन टाका म्हणून?"

"ते मागच्या सीटबद्दल. पुढचं मला काय ठाऊक? वारं काय येतं हो इथे! तो शिंपी मशीन सोडून बघत उभा राहिला. चौकातल्या पोलिसाने बस अडवून आपल्याला वाट दिली."

शेठनी आकडा वाढवला. चष्मेवाल्यांचा एक हात कमरेवर होता, म्हणून त्यांनी उरलेल्या एकाच हाताने बायकोला नमस्कार केला आणि छपराची आठवण दिली.

"बादली ठेवू," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली काढून मुठीत धरली.

ती मूठ बघून शेठनी पेनाला टोपण लावलं.

पुढे वहिनी रीतसर क्लास लावून गाडी शिकल्या. आता स्टिअरिंगवर त्या आणि शेजारी लेन्सची पेटी, कारण तो नियम चष्मेवाल्यांनीच केलेला. परवा चौकात गाडी माझ्या समोरून गेली. मागच्या काचेतून चष्मेवाले दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. मीही हलवला. या वयात माणूस इतका खुशीत दिसला, की आपल्यालाही बरं वाटतं.