सात सह्यांचा अंदाज

अंदाज ही जोखमीची गोष्ट आहे. घाईने वर्तवला की चुकतो. म्हणूनच विभागीय जलसंशोधन केंद्रातून कोणताही अंदाज सात सह्यांशिवाय बाहेर पडत नसे. सह्यांना नऊ दिवस लागत आणि अंदाज असे पाच दिवसांपुढचा. त्यामुळे तो जाहीर होईपर्यंत काय घडले ते सर्वांना कळलेले असे, आणि किरकोळ दुरुस्ती करून घेता येई. सलग अकरा वर्षे केंद्राची अचूकता शंभर टक्के होती. (एकदा ती एकशे दोन भरली, पण विनयाने कमी करण्यात आली.)

तिथल्या एका तरुण संशोधिकेने दाखवून दिले होते की, हवामान बदलल्यापासून महिन्याचा पाऊस एका दुपारीच उरकू लागला आहे. संचालकांनी तिची पाठ थोपटली. "पण महिन्याची सरासरी बिघडली का? नाही ना? मग झालं तर!"

एका सोमवारी तिच्या आकड्यांत दिसले, की शनिवारी नदी खालच्या वस्तीत छातीएवढी चढणार. त्या वस्तीत तिची आत्या राहत होती. शुक्रवार उजाडला तरी फाइल तिसऱ्या सहीपाशीच, सहीवाले रजेवर. जिन्याखाली उभे राहून तिने फोन लावला.

"आत्या, आजच्या आज वर निघून ये. शेजाऱ्यांनाही सांग."

"अगं, तुमच्या केंद्राने तर काहीच कळवलं नाही!"

"केंद्र येत्या बुधवारी कळवेल."

"मग तुझंच ऐकते बाई."

आत्याने दारोदार जाऊन कड्या वाजवल्या, दोघांशी भांडलीही. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस घरे वर आली. शिलाई मशीन, अंथरुणाला खिळलेले एक सासरे आणि रुसलेली मांजर यांसह. शनिवारी नदी आली आणि रिकाम्या घरांत छातीएवढी उभी राहिली. फोनवर आत्याचा आवाज ऐकून संशोधिका पहिल्यांदा रडली.

सह्यांविना अंदाज बाहेर गेल्याबद्दल नेमलेल्या चौकशी समितीने निष्कर्ष काढला: जीवितहानी शून्य, सबब पूर सिद्ध होत नाही, सबब अंदाज चुकीचा. संशोधिकेची बदली मोडक्या पर्जन्यमापकांच्या कोठीत झाली.

अहवाल तीस दिवस हरकतींसाठी खुला होता. खालच्या वस्तीने चिखल उपसता उपसता त्रेचाळीस हरकती पाठवल्या. हितसंबंध गुंतलेले असल्याने त्या बाद झाल्या. हितसंबंध नसलेल्या नागरिकांकडून, म्हणजे आपल्याकडून, एकही आली नाही. आपली संमती अहवालात आभारपूर्वक नोंदवली आहे.