ब्रूनोचं प्रस्थान

सकाळी आठ वाजता ब्रूनो औरंगाबादेत हर्सूलच्या घराच्या ओसरीवर उभा राहून निरोपाचं भाषण मनातल्या मनात घोकत होता. वाळूजच्या कारखान्यात दोन वर्षं यंत्रं बसवून तो आज जर्मनीला परत चालला होता. रविवारी धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि आज रात्री अकराला मुंबईहून विमान. घरमालकीण वच्छलाबाईंसाठी त्याने अकरा वाक्यं मराठीत लिहिली होती. महिनाभर दाढी करताना पाठ केली होती. सातव्या वाक्याला आपला गळा भरून येतो हेही त्याच्या ध्यानात आलं होतं, म्हणून आधी सामान गाडीत टाकून मग मोकळ्या हातांनी सावकाश बोलायचा बेत होता.

दोन मोठ्या बॅगा ओसरीवर होत्या. पासपोर्टची छोटी काळी बॅग मात्र कुठेच नव्हती.

कारखान्यात ब्रूनोने दोन वर्षं एकच मंत्र पढवला होता. प्रत्येक वस्तूला जागा, आणि जागेवर ठेवलेली वस्तू पुन्हा चाचपायची नाही. सोमवारी त्याने ती बॅग कपाटाशेजारी ठेवली आणि नियमाप्रमाणे नंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता त्याने पलंग हलवला, गाद्या उलथल्या, तुळशीमागेही पाहिलं. वच्छलाबाई शांतपणे भाकरी थापत होत्या.

"मावशी, माझी बॅग कुठंय?"

"ती तर बुधवारीच निघाली," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिच्यासंगं तुम्हीबी निघालात."

मग भाकरी उलटता उलटता त्यांनी सगळा उलगडा केला. आज अमावास्या, आणि अमावास्येला कोणी शहाणा माणूस घर सोडत नाही. विमानवाल्यांना एवढंही कळत नाही त्याला त्या काय करणार? त्यावर पूर्वापार तोड अशी, की चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान म्हणतात. वस्तू गेली की माणूस निघाला, मग अंगाने तो केव्हाही जावो. उचलायला सोपी म्हणून छोटी बॅग त्यांनी शहागंजात मैत्रीण साळूबाईकडे ठेवली होती. ब्रूनोला विचारलंही होतं, आणि ब्रूनोने मान डोलावली होती. औरंगाबादेत मान डोलावली की बोलणं लवकर आटपतं, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला होता.

"म्हंजे दोन दिवस मी इथं नव्हतोच?"

"नव्हताच की. मी बुधवारी रडूनबी घेतलं. आता डोळ्यात काय ऱ्हायलंय?"

ब्रूनोचं डोकं सणकलं. माणूस निघाला आणि त्या माणसालाच पत्ता नाही! निरोप झाला, रडून झालं, आणि अकरा वाक्यं तशीच खिशात. तो ताडताड जाऊन गाडीत बसला. बॅग घेऊन अर्ध्या तासात परतायचं आणि आकाश कोसळलं तरी भाषण करायचंच, असं ठरवून त्याने ड्रायव्हर सांडूला शहागंजाकडे पिटाळलं.

साळूबाई दारातच भेटल्या. पैठणचे चुलतदीर वारल्याची खबर काल आली होती आणि घराला सुतक लागलं होतं. सुतकाच्या घरात परक्याचं प्रस्थान ठेवायचं पाप कोण घेणार? म्हणून ज्याला सुतक नाही अशा, कारभारी नावाच्या भाच्याला बोलावून त्याच्याच हातांनी त्यांनी बॅग वाळूजला त्याच्या घरी रवाना केली होती.

"हर्सूलला का नाही पाठवली?" ब्रूनो जवळजवळ ओरडलाच.

"प्रस्थान माघारी नेत असतेत व्हय?" साळूबाईंनी त्याच्या अडाणीपणाची कीव केली. "वाळूज मुंबईच्याच वाटंवर हाय. विचार करूनच धाडली."

वाटेत गर्दीत गाडी तासभर अडकली. ब्रूनो जर्मन आणि मराठी दोन्हींत आलटून पालटून संतापत होता. ही बॅग माझ्याआधी जर्मनीला पोचंल, असं तो म्हणाला तेव्हा सांडूने गंभीरपणे दुजोरा दिला. मुहूर्त चांगला होता, म्हणाला.

वाळूजला पोचेपर्यंत बारा वाजत आले. कारभारी ब्रूनोच्याच कारखान्यातला निघाला. बॅग देव्हाऱ्यासमोर पाटावर बसवली होती, तिला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि तिला एकटी कशी सोडायची म्हणून या गृहस्थाने चक्क रजा टाकली होती.

"हात नाय लावला, साहेब," तो अभिमानाने म्हणाला. "जागेवरची वस्तू चाचपायची नाय, तुम्हीच शिकवलं."

पासपोर्ट, तिकीट, सगळं जागच्या जागी होतं. सांडूने बॅग ठेवायला डिकी उघडली आणि दोघेही पाहतच राहिले. डिकी रिकामी होती. दोन्ही मोठ्या बॅगा अजून हर्सूलच्या ओसरीवर बसल्या होत्या. त्या आणायला माघारी फिरावं तर विमान चुकणार, आणि विमान चुकलं तर बहिणीचं लग्न.

तेवढ्यात वच्छलाबाईंचा फोन आला. बॅगा इथंच ऱ्हायल्या, आता त्यांचं काय करू, असं त्या विचारत होत्या.

ब्रूनोने खिशातला कागद काढला. पहिलं वाक्य म्हणायच्या आधीच सातव्याचा आवंढा आला. त्या आवंढ्याचाच त्याला भयंकर राग आला.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," तो चिडून म्हणाला. "माझं परत यायचं प्रस्थान हाय ते. मी निघालो तिकडं यायला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बुधवारी सगळं संपलं नव्हतं तर.

"आज अमावास्या," वच्छलाबाई कडाडल्या, "अन् प्रस्थान ठेवतेत व्हय? दोन वर्षं शिकवलं काय मी तुम्हाला?"

फोनवर दिसत नाही हे ठाऊक असूनही ब्रूनोने मान डोलावली.